दाराशी आलेलं माणूस

जुन्या छपराची पहिली स्लेट खाली राडारोड्याच्या स्किपमध्ये आपटली तेव्हा मधुमतीबाई कणीक मळत होत्या. मग दुसरी आपटली, तिसरी आपटली. वरून कसली धूळ झडेल सांगता येत नव्हतं. त्यांनी कणकेवर ओलं फडकं टाकलं आणि वरणाखालचा गॅस बारीक केला.

"आई, तुझा बॅग कुठे आहे?" शशीनं जिन्यातून विचारलं. आईला चार दिवस आपल्याकडे न्यायला तो पहाटेच मेडनहेडहून निघून कॉव्हेंट्रीला आला होता. "हे लोक चार दिवस ठोकाठोक करणार. तू इथे बसून काय करणार?"

"बसते कशाला? स्वयंपाक करीन."

"कोणासाठी?"

मधुमतीबाईंनी कणीक लागलेलं बोट छपराकडे दाखवलं.

त्यांचा चातुर्मासाचा नेम शशीला ठाऊक होता. जेवायला न बोलावता दाराशी आलेलं, घरचं नसलेलं एक तरी माणूस जेवल्याशिवाय आपण जेवायचं नाही. कुणी आलंच नाही, तर संध्याकाळी कपभर दूध घ्यायचं. पण या रस्त्यावर हे जमतं कसं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आता तो स्टूल ओढून बसला.

"मीटर बघायला येतो तो काउंट होतो?"

"होतो की. उपमा खाऊन गेला."

"आणि वीकेंडला?"

"त्या बायबलवाल्या दोघी आल्या होत्या. मी त्यांचं मासिक घेतलं, त्यांनी माझा शिरा घेतला. एकीनं तर दोनदा."

शशी हसला. "आणि कोणीच नाही आला तर?"

"मागच्या आठवड्यात तीन दिवस नाही आलं."

"तीन दिवस तू जेवली नाहीस?"

"दूध घेतलं ना." त्या पोळी लाटू लागल्या. "आज देवानं एकदम चौघं धाडलीत. तीही छपरावर. घर सोडून जाऊ कशी?"

"आमच्याकडे चल. तिथे पण जेवण असतं."

"तुमच्या दाराशी कोण येतं?"

शशीनं आठवून पाहिलं. "पोस्टमन. पण तो लेटरबॉक्समध्ये टाकून जातो." मग त्याचा चेहरा उजळला. "आई, सिम्पल आहे. आमच्याकडे तूच गेस्ट ना? तू जेवलीस की गेस्ट जेवला. झालं व्रत."

लाटणं थांबलं.

"तुझ्याकडे मी पाहुणी?" मधुमतीबाईंच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्यांना.

"मीन्स, तसं नाही. आय मीन..."

"ते घर माझं असेल, तर तिथंही दाराशी कुणी यायला हवं. माझं नसेल, तर चार दिवस कुणाकडे राहू?" लुगड्याचा पोत दोन्ही बाजूंनी बघावा तसं त्यांनी हे बोलून पाहिलं, आणि पोळी तव्यावर टाकली.

बाराला त्या पदर सावरत फुटपाथवर गेल्या. मान वर करून त्यांनी टेरीला, त्या चौघांतल्या म्होरक्याला, जेवायला बोलावलं. टेरीनं पश्चिमेकडे बोट केलं. तिकडून आभाळ भरून येत होतं. अर्धं छप्पर उघडं आहे, ते झाकल्याशिवाय कुणी खाली उतरणार नाही, असं तो वरूनच ओरडला. सँडविच सगळ्यांच्या खिशात आहेत. "चहा चालेल, लव्ह. टू शुगर्स."

शशीनं चहाचे मग बादलीत ठेवून दोरीनं वर चढवले.

"चहा काउंट होतो?" आत येऊन त्यानं विचारलं.

"नाही रे. अन्न जायला हवं पोटात. तू जेवून घे बघू."

"तू जेवल्याशिवाय नाही."

"तू नको नेम धरूस. एका घरात एक पुरे."

दोनला पाऊस आला. वरची ठोकाठोक आणखी घाईची झाली. मधुमतीबाईंनी पोळ्यांचा डबा उघडून पाहिला, पुन्हा लावला. काउंटर धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. शशीनं ते पाहिलं. तो उठला, बाहेर गेला आणि पुढचं दार ओढून घेतलं.

घंटी वाजली.

मधुमतीबाईंनी दार उघडलं. शशी पायरीवर भिजत उभा होता.

"मी इथे नाही राहत," तो म्हणाला. "ट्वेल्व्ह इयर्स झाले. मला कोणी बोलावला नाही, मी स्वतः आलो. मी चालतो ना?"

त्याच्या केसांतून पाणी कानामागे उतरत होतं.

"पाय पूस," त्या म्हणाल्या. "आत ये."

त्यांनी त्याला टेबलाशी बसवलं. डोकं टॉवेलनं खसाखसा पुसलं. वरणभात वाढला, वर तूप घातलं, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या. त्यानं सगळं भराभर संपवलं, ताट बोटानं निपटून त्यांना दाखवलं.

"गेस्ट जेवला. आता तू बस."

मधुमतीबाईंनी त्याचं खरकटं ताट उचललं, सिंकमध्ये धुतलं. मग दाराशी येईल त्याच्यासाठी कपाटातून दुसरं ताट काढलं. त्यात वरणभात वाढला, भाजी वाढली, दोन पोळ्या घडी करून ठेवल्या आणि ते टेबलावर नीट झाकलं. पुढचं दार सताड उघडून त्यांनी त्याला चपलेचा अटकाव लावला, आणि पाऊस आत येत होता तरी तिथंच खुर्ची घेऊन बसल्या.