बापाचा क्रमांक

आप्पासाहेबकाकांनी खुर्ची सायलीच्या कॉम्प्युटरला चिकटवली. घराण्याची वंशावळ तिनंच बनवली होती. म्हाताऱ्यांशी भांडून लेकीसुद्धा घेतल्या होत्या. प्रत्येकाला एक क्रमांक आणि नोंदीत त्याच्या बापाचा क्रमांक, त्यामुळं पणजोबांवर क्लिक केलं की खालच्या सगळ्या पिढ्या पत्त्यांसकट उतरायच्या. "काढ सगळे. माझी पोरगी जातीबाहेर लग्न करून यांच्यातल्याच कुणाकडंतरी दडलीय. सापडली की जित्ती ठेवत नाय!"  चुलतबहिणीला पिशोर गावच्या दगडाआत्याकडं सायलीनंच पोचवलं होतं. काका तंबाखू थुंकायला उठले, तेवढ्यात तिनं आत्याच्या नोंदीतला बापाचा क्रमांक पुसला. आत्या झाडापासून तुटली. आता कितीही शोध, मुडद्या! ती मनात म्हणाली. काका बसले. नावं उतरली. पिशोर कुठंच नव्हतं. काकांचं बोट सावकाश खाली सरकलं आणि थांबलं. "माझी सख्खी बहीण गाळलीस व्हय गं सायले?" काका हसले. "दगडावर तर मला शंकाच नव्हती."