जन्मताच बोललेलं पोर

"आता जे सांगतो ना, ते कुणाच्या बापाला पटायचं नाही," असं म्हणत आपा खांडूनं तोंडातला विडा या गालातून त्या गालात सारला आणि तिरंदाजीच्या मैदानाच्या कडेला निदुपशेजारी बैठक मारली.

निदुपला गोष्ट नको होती. त्याला पुलापलीकडं जायचं होतं. मैदानातून नदी दिसत होती, नदीवरचा पूल दिसत होता आणि पलीकडच्या चढावर त्याचं घर. तिथं त्याची बायको देमा कालपासून बाळंतपणात अडली होती. सकाळी मेहुणी कुंपणापर्यंत धावत आली होती. "भावजी, मूल पायाळू आहे. नर्सबाईंचं तोंड उतरलंय. ताई सारखं तुमचंच नाव घेतेय."

कर्णधार वांगदानं तिला कुंपणाबाहेरूनच परत पाठवलं. तिरंदाजांचे मोबाइल त्यानं आधीच गोळा केले होते, मन भटकायला नको म्हणून. सगळा संघ तीन रात्री गोठ्याशेजारच्या खोलीत एकत्र झोपत होता. संघाच्या ज्योतिष्यानं बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत बायकोचं तोंड बघायचं नाही. त्यातून बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकलं तर संपलंच. सुयेर लागलेल्या हातातून सुटलेला बाण निशाणाच्या फळीकडं जात नाही, थेट नदीत जातो म्हणे.

"शेवटची पाळी, निदुप," वांगदा त्याची पाठ थोपटत म्हणाला. "आपलं गाव इतक्या वर्षांनी फायनलला आलंय. म्हातारेकोतारे डोळे लावून बसलेत. आता सगळं तुझ्यावर. आणि हे बघ, ताण अजिबात घ्यायचा नाही. मन कसं पाण्यासारखं ठेव."

निदुपच्या कानशिलावरची शीर तडतडली. अख्खं गाव उचलून एका माणसाच्या छातीवर बसवायचं आणि वर सांगायचं, मोकळा श्वास घे! आणि पाणी? पाणी तर त्या पुलाखाली दगडांवर डोकं आपटत होतं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, फळीच्या अगदी पुढ्यात, विरुद्ध संघ बाह्या सरसावून नाचत होता. "काय रे निदुप, कळा बायकोला आणि घाम तुला? दाई पाठवू का?" त्यांच्या बायांनी तेवढ्यात गाणंही जुळवलं. बापाचा बाण वाट चुकला गं, पोरालाही दार सापडेना. निदुपला त्यांचा राग नव्हता. समोरच्याला चिडवायचं, हे या खेळात त्यांचं कामच. त्यांच्या जागी तो असता तर त्यानं याहून वाईट गाणं रचलं असतं. राग होता तो पाठ थोपटणाऱ्या हाताचा.

त्याची नजर सारखी पुलाकडं जाताना दिसली, तसं वांगदानं म्हाताऱ्याला बोलावून घेतलं होतं. "आपा, तुमची ती गोष्ट सांगा पोराला. धीर येईल." ती गोष्ट न ऐकलेला माणूस गावात नव्हता. दर वर्षी ती वीतभर वाढायची.

"तर माझीही बायको अशीच अडलेली," आपा खांडू सांगू लागला. "आणि मी असाच शेवटच्या बाणाला उभा. ज्योतिषी कोण, तर ह्या ज्योतिष्याचा बाप. मन पाण्यासारखं केलं आणि सोडला बाण! तो निम्म्या वाटेवर गेला आणि वाऱ्यानं थांबला. थांबला म्हणजे हवेतच थांबला! समोरच्यांनी तेवढ्यात चहा उरकून घेतला. मी म्हटलं, बाबा रे, घरी खोळंबा झालाय, काय ते एकदाचं ठरव. तेव्हा कुठं हलला. जाता जाता त्यांच्या कर्णधाराची टोपी उचलली आणि टोपीसकट फळीत घुसला. टोपीत एक ऊ होती, ती फळीवर आमच्या बाजूनं नाचायला लागली!"

भोवतीची मंडळी पोट धरून हसली.

"मग जो सुटलो! पुलाला पाय म्हणून लावला नाही. दारात पोचतो तर काय? आत्ता जन्मलेलं पोर, नाळ ओली, आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसलंय. मला विचारतं कसं, 'काय बाबा, जिंकलात का?'"

"थापाड्या!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा पिकला.

"बघितलंस?" वांगदा डोळे पुसत म्हणाला. "मन थाऱ्यावर असलं की सगळं निभावतं. चल ऊठ, पाळी आली."

निदुप उठला. धनुष्य घेतलं. तो हसला नव्हता. लहानपणी कितीतरी दुपारी तो आपाकडं बाण तासायला शिकायला जायचा. त्या घरात चुलीपाशी कायम एकच वाडगा, एका माणसापुरता, पालथा घातलेला असे.

"आपा," तो म्हणाला, "ते पोर आता कुठं असतं?"

"कुठलं?"

"तुमचं. बोलणारं. मी याच गावात वाढलो, मला कसं कधी दिसलं नाही?"

हसणं जागच्या जागी विझलं. पलीकडून बायांचं गाणं तेवढं येत राहिलं.

"टोपीचं खरं असेल," निदुपचा आवाज चढला. "ऊ नाचली असेल. पण तुम्ही वेळेत घरी पोचलात, ही थाप आहे."

"निदुप!" वांगदा गरजला. "बाण लाव!"

आपा खांडूनं विडा थुंकला. गुडघ्यांवर हात टेकून तो उठला, निदुपच्या मुठीतून धनुष्य काढून त्यानं आपल्या खांद्याला अडकवलं आणि हनुवटीनं पूल दाखवला.