हातांपुरती ऊब

बटण अजून तारेला लोंबकळत होतं, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला.

मेकॅनिक त्यांच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर अंग चोरून बसला होता. दोन दिवस त्याचं हेच चाललं होतं. स्टीअरिंगवरचं जुनं कातडं उसवलं, खाली तापणारी जाळी गुंडाळली, वरून नवं कातडं ओढून शिवलं. चाक कितीही फिरलं तरी तुटणार नाही अशी तार आतून काढली. एअरबॅग पुन्हा जागच्या जागी बसवली. आता राहिलं होतं ते बटण पक्कं करणं, आणि चाक पुरेसं तापलं की वीज आपोआप तोडणारा एक नखाएवढा तुकडा. तो दुपारी येणार होता.

हे काम त्याला मनातून पटलंच नव्हतं. गाडीचा बंपर तारेनं बांधलेला, हीटर गरम व्हायला अर्धा तास घेणार, आणि बाईंना हवं होतं गरम स्टीअरिंग. बाहेर काचांवर बर्फ धरला होता हे खरं, पण हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं. पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "त्यापेक्षा हातमोजे घाला की, ताई."

"घालून पाहिले," बाई म्हणाल्या होत्या. "माझी बोटं जात्याच गार. मोज्यातसुद्धा गारच राहतात."

त्यानं पाना उचलला होता.

आता बाईंनी फोन कानाला लावला. "किती मिनिटांनी?" त्यांनी विचारलं. मग, "निघाले." एक फुगीर बॅग मागच्या सीटवर पडली आणि त्या स्टीअरिंगमागे येऊन बसल्या.

"अहो ताई, काम अर्धवट आहे. चाक तापतच राहील, बंद व्हायचं नाही."

"मग तुम्ही बंद करा. उतरू नका." गाडी सुरूही झाली होती. "मी सुईण आहे, काका. तिकडच्या बाईचं हे तिसरं बाळंतपण. हे बाळ आपल्यासाठी खोळंबणार नाही."

अशा रीतीनं मेकॅनिक गॅरेजच्या कपड्यांत, मांडीवर तेलकट फडकं आणि मुठीत बटण घेऊन शहरभर निघाला. मिनिटा-दोन मिनिटांनी तो उलटा हात चाकाला लावून बघायचा, तापकरी मुलाच्या कपाळाला लावतात तसा. चालू, बंद. पुन्हा चालू. सिग्नलला शेजारी थांबलेल्या बसचा ड्रायव्हर त्याच्या हातातल्या तारेकडे डोळे फाडून बघत होता.

"आता कसं?" तो विचारायचा.

"थोडं वाढवा. हं. असंच राहू द्या."

मेकॅनिकला घाम फुटला होता, पण इतकं मन लावून त्यानं कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

तीन मजली इमारतीच्या दारात एक माणूस एकाच पायात मोजा घालून उभा होता. "लवकर या," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. बाई बॅग घेऊन जिना चढल्या. मेकॅनिकनं गाडी बंद केली आणि तो खालच्या पायरीवर जाऊन बसला. त्याची स्वतःची दोन्ही मुलं जन्मली तेव्हा तो कुणाच्या तरी गाडीखाली आडवा होता.

पाच मिनिटंही झाली नसतील. वरून एक मोठी किंकाळी आली. मग त्या माणसाचा आवाज, "आली, आली." आणि मग काहीच नाही. मेकॅनिक उठून उभा राहिला. रडू दे, तो मनात म्हणाला, आता रडू दे. कठडा त्यानं इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

आणि मग ती रडली, साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशी.

तासाभरानं बाई खाली येऊन त्याच्याशेजारी पायरीवर टेकल्या. "मुलगी. दोघी ठणठणीत आहेत."

"मधे आवाजच बंद झाला होता," तो म्हणाला. "माझा तर जीव टांगणीला लागला."

बाई आपल्या तळव्यांकडे बघत हसल्या. "या कामात सत्तावीस वर्षं झाली मला. बाळाला जगातला पहिला हात लागतो तो माझा, आणि थंडीच्या दिवसांत प्रत्येक बाळ त्या हातानं दचकून रडतं. पातळ रबरी मोज्यातूनही गारवा पोचतोच. आज तर कोमट पाण्यात हात धरायलाही सवड नव्हती. मोजे चढवले आणि ती आलीच."

"मग?"

"मग काय, पडून राहिली हातात निवांत. आपण बाहेर आलोय, हे तिच्या लक्षातच आलं नाही."