ढग असू देत

दोन महिन्यांच्या काळोखानंतर आज सूर्य उगवणार म्हणून नॉर्वेच्या टोकाचं ते अख्खं गाव टेकडीवर जमलं होतं. आभाळ मात्र गच्च भरलेलं.

"मेले ढग! यांना आजचाच दिवस सापडला," पोरांना गोड पाव वाटता वाटता शेजारची म्हातारी ओलाउग करवादली. पाच वर्षांच्या ब्रागेनं एक जास्तीचा मागून घेतला.

"असू देत की ढग," धाकटीला कडेवर घेतलेली त्याची आई हेर्दिस म्हणाली.

"असू देत? हिवाळाभर एकटीनं दोन पोरं सांभाळून डोकं फिरलंय वाटतं तुझं!"

हेर्दिसनं धाकटीची टोपी कानांवर ओढली. नवरा नोव्हेंबरात बोटीनं गेला, तो दुसरीबरोबर संसार थाटायला. "बाबा कधी येणार?" ब्रागेचं रोजचं टुमणं. एकदा दोघांना लोकरीचे कपडे चढवता चढवता ती वैतागून बोलून गेली, "सूर्य आला की येईल!" त्यानंतर त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

तेवढ्यात ढग फाटले. गावानं एकच गलका केला. कडेवरची धाकटीसुद्धा टाळ्या पिटू लागली.

"अरे ब्रागे, सूर्य इकडे आहे!" ओलाउग ओरडली. "पाठ फिरवून कुठे बघतोयस?"



"धक्क्याकडे," दोन्ही पाव सांभाळत ब्रागे म्हणाला, "बाबाची बोट येईल ना आता!"