खडूची खूण

हर्षदाने सातवं पान पॅडमधून टरकन ओढलं. गाळणीच्या आकृतीतली एक रेघ जाड आली होती. चुरगळलेला बोळा टोपलीत गेला. तिने नव्या पानावर पट्टी ठेवली. घामाने पट्टी सरकली.

अकरा वाजून गेले होते. रंगाच्या मिलचं पाणी कोळसा आणि वाळूने कसं गाळायचं, यावरची दहा पानांची फाइल बाराच्या आत शाळेत द्यायची होती. नाही दिली तर विज्ञान मेळ्यातून नाव कट. मागच्या वर्षी तेच झालं होतं.

यंदा तिने एकेक पान कितीदा तरी लिहिलं. पान पूर्ण व्हायचं आणि मग काहीतरी दिसायचं. कुठे खोडलेलं अक्षर, कुठे तिरका समास. मग पुन्हा पहिल्यापासून.

दारात बसलेले तिचे आजोबा, उखा आबा, उठले. त्यांनी टोपलीतला बोळा काढला, पुन्हा बसून मांडीवर ठेवला आणि तळहाताने सपाट करू लागले. चार दिवस त्यांचं हेच चाललं होतं. आबांनी सुरतेतल्या बमरोलीच्या मिलमध्ये तीस वर्षं कापड तपासलं होतं. अक्षर येत नव्हतं. कापडाच्या ताक्यावरचे आकडे तेवढे यायचे.

“कितलं फाडशी व बेटा?”

“चूक आहे त्यात, आबा! चुकीचं कसं देऊ?”

“ताकामा खोट दिसनी ते ताका फाडतस का? खडूनी खूण करानी, कापड पुढे ओढानं. सगळा ताका फाडी टाका, ते सुरतना लोके काय नेसतीन?”

“हे कापड नाहीये!”

खालून वर्गातल्या योगिताने हाक मारली. “हर्षदा, चाल ने! बार वाग्या पछी बेन नथी लेवानां!”

बारानंतर बाई खरंच फाइल घेणार नव्हत्या. बाराला वीस मिनिटं कमी. शाळा दहा मिनिटांवर. हर्षदाने घाईने रेघ ओढली. ती आणखी जाड आली. तिने पेन भिंतीवर आपटलं.

“तू जा, योगिता. माझी झालीच नाही.”

 आबांनी गादी उचलली आणि खालून कागदांचा एक गठ्ठा काढला. तिचीच फाडलेली पानं, चुण्या दाबून सपाट केलेली, कडेला पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली. हर्षदाने रागारागाने पानं उलटली. मग हळू उलटली. एक, दोन, तीन. पानांचे आकडे ओळीने लागले होते. जिथे जिथे खोडलं होतं, तिथे समासात निळ्या खडूची बारीक खूण. दहाव्या पानाच्या तळाशी तिच्याच अक्षरात तारीख होती, रविवारची.

आज बुधवार होता.

“ही पुरी व्हयनी, दहा पानं सेत,” आबा म्हणाले आणि गादीखालून दुसरा गठ्ठा काढला. “हाईले दोनच पानं कमी सेत. कोणती देशी?”