बुंदी

मृण्मयीने भलामोठा पासवर्ड ठेवला आणि निर्धास्त मागे टेकली. नेटवर्क सुरक्षेचं प्रात्यक्षिक होतं: एकीने खातं राखायचं, दुसरीने फोडायचं. जोड्या सरांनी आठवड्यापूर्वीच लावल्या होत्या. फोडणारी तिचीच रूममेट, राजसी.

राजसीने पासवर्डला हातच लावला नाही. ‘पासवर्ड विसरलात?’वर टिचकी मारली. प्रश्न आला: तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव? तिने ‘बुंदी’ लिहिलं. खातं उघडलं.

परवा मृण्मयीच्या लहानपणीच्या त्या कुत्रीचा विषय राजसीनेच काढला होता. पाठीवरून हात फिरवत म्हणाली होती, “रड गं मोकळी. काय म्हणायचीस तिला?”

“चिडलीस होय? मार्कांसाठी होतं गं!” राजसी हसली.

“छे!” म्हणत मृण्मयीने नवा प्रश्न निवडला: जिवलग मैत्रिणीचं नाव? उत्तरात ‘राजसी’ लिहिलं. आता हे कुणालाच सुचणार नव्हतं. राजसीला तर नाहीच.