चुलीवरचं चार्जिंग

सर्जा बैलाला घेऊन पोरगं शर्यतीला गेलं होतं, फायनल मोबाइलवर लाइव्ह दिसणार होती आणि नेमकी लाइट गेली. रिटायर सुभेदार लालासाहेबांच्या मोबाइलात फक्त तीन टक्के! तसा उपाय घरातच होता. इंजिनिअर सुनेनं चुलीला एक पट्टी बसवली होती. तिची एक बाजू तापली आणि दुसरी गार पाण्यात राहिली, की वीज तयार होऊन मोबाइल चार्ज व्हायचा.

"अगं, चूल पेटव की लवकर!" लालासाहेब बायकोवर ओरडले.

"रिकामी चूल जाळत न्हाई मी," बनुबाई पाय पसरून म्हणाल्या. "भाकरी थापणार असशीला तर पेटवा तुमीच."

चाळीस वर्षांत चुलीपुढं न बसलेले सुभेदार चूल पेटवून, मोबाइल पट्टीला जोडून पीठ मळायला बसले. पहिली भाकरी फाटली, दुसरी करपली. तिसरी टम्म फुगली आणि तेवढ्यात सर्जानं फायनल मारली! पिठाचे हात वर करून लालासाहेब घरभर नाचले.



बनुबाईंनी ती फुगलेली भाकरी लोण्याबरोबर सावकाश संपवली, हात धुतले आणि मघाशी आपणच पाडलेला मेन स्विच हळूच वर केला.